ढोल वाजतो हाताने, जमतो कानाने

आषाढ सरत आला की गावोगावी संध्याकाळचा ढोल-ताशाचा सराव सुरू होतो. शाळेचे मैदान, बाजार समितीचे आवार, नदीकाठची मोकळी जागा, मिळेल तेथे मुले-मुली कमरेला ढोल बांधून उभी राहतात. पहिल्या आठ दिवसांतच त्यांचे दोन गट पडतात. काहींचा हात बसतो, काहींचा काही केल्या बसत नाही. मग कोणीतरी जाणता म्हणतो, "याला तालच नाही हो, याच्या हाती झेंडा द्या." तो मुलगा हिरमुसून झेंडा धरतो, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून येतच नाही.

दुसरी गोष्ट त्याच मैदानावरची. दोन तास ताशा वाजवून घरी आलेला विशीतला तरुण जेवायला बसतो. आई विचारते, "आमटी वाढू का?" तो म्हणतो, "काय?" त्याच्या कानात बारीक शिट्टी वाजत असते. सकाळपर्यंत ती थांबते, म्हणून तो ती मनावर घेत नाही.

आरोग्याच्या सदरात ढोल-ताशा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु वरच्या दोन्ही गोष्टींचा संबंध एकाच अवयवाशी आहे, तो म्हणजे कान. समूहात वाजवणे हे हातापेक्षा कानाचे काम अधिक आहे. आपण कसे ऐकतो यावर आपण किती लवकर शिकतो हे ठरते. पथकाच्या पुढे उभे राहणारा कसा ऐकतो यावर पथक एकत्र राहते की विस्कटते हे ठरते. आणि ज्या कानावर हे सगळे अवलंबून आहे तोच कान या छंदात सर्वांत जास्त धोक्यात असतो. म्हणून या आठवड्यात त्याविषयी.

ऐकू येणे आणि ऐकणे

आवाज म्हणजे हवेतील कंप. ते कानाच्या पडद्यावर आदळतात, पडद्यामागची तीन चिमुकली हाडे ते पुढे ढकलतात आणि शंखाच्या आकाराच्या आतल्या कानात ते पोहोचतात. तेथे केसांसारखे तंतू असलेल्या अतिसूक्ष्म पेशी असतात. एका कानात त्या साधारण १५ हजार असतात. त्या कंपांचे रूपांतर विजेच्या संदेशात करतात आणि मज्जातंतूमार्फत तो संदेश मेंदूकडे जातो. इथपर्यंत झाले ते 'ऐकू येणे'. खरे 'ऐकणे' मेंदूत होते.

मेंदू आवाज नुसता टिपून ठेवत नाही. ठराविक अंतराने ठोके पडू लागले की पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज तो बांधू लागतो. शास्त्रज्ञांनी मेंदूची चित्रे घेऊन पाहिले तेव्हा असे दिसले की माणूस अगदी निश्चल पडून नुसता ठेका ऐकत असला, तरी हातापायांच्या हालचाली ठरवणारे मेंदूचे भाग जागे होतात. ढोल वाजला की आपोआप पाय हलतो तो यामुळेच.

या अंदाजाला वादनात फार महत्त्व आहे. अचानक आवाज झाल्यावर तो ऐकून बोट हलवायला निरोगी तरुणाला साधारण ०.१५ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. म्हणजे जो मुलगा शेजाऱ्याचा ठोका ऐकून मगच हात उचलतो, तो जवळजवळ एक तृतीयांश ठोका मागे पडणार. त्याने कितीही घाई केली तरी हे अंतर भरून निघत नाही. ज्यांचा हात बसलेला असतो ते ठोका पडण्याची वाट पाहतच नाहीत. त्यांच्या मनात ठोका अगोदरच तयार असतो. प्रयोगशाळेत घड्याळासारख्या ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितले असता बहुतेक माणसांचे बोट ठोक्याच्या किंचित आधी पडते, असे अनेकदा आढळले आहे. यावरून मेंदू पुढचे ऐकतो हे स्पष्ट होते.

तेव्हा 'ताल नाही' असे ज्याला म्हणतात, तो बहुधा मागून ऐकणारा असतो. त्याला पुढचे ऐकायला शिकवावे लागते.

ऐकण्याच्या चार सवयी

नवीन वादकांकडे जरा लक्ष देऊन पाहिले तर ऐकण्याच्या चार सवयी दिसतात.

पहिली सवय मोजण्याची. हा वादक मनात एक, दोन, तीन, चार असे आकडे म्हणतो. शाळेत हुशार असलेली मुले बरेचदा या वाटेने जातात. कोणता भाग किती वेळा वाजवायचा हे त्यांच्या पक्के लक्षात राहते, हा फायदा. परंतु एक आकडा हुकला की हात थबकतो, कारण हात आकड्याला बांधलेला असतो. शिवाय मोजण्यात मन गुंतले की बाजूला काय चालले आहे ते ऐकूच येत नाही.

दुसरी सवय बघण्याची. हा शेजाऱ्याच्या टिपरूवर नजर लावून वाजवतो. पहिल्या दिवशी ही सवय उपयोगी पडते, कारण हात कोठून कोठे जातो ते डोळ्यांनीच कळते. परंतु डोळ्याने पाहून हात हलवायला आवाज ऐकून हलवण्यापेक्षाही थोडा अधिक वेळ लागतो. त्यामुळे हा वादक कायम किंचित मागे राहतो आणि शेजारी चुकला की त्याच्याबरोबर चुकतो.

तिसरी सवय अंगाने ऐकण्याची. ढोल पोटाला टेकलेला असतो आणि त्याच्या थापेचा धक्का छातीत व पायांत जाणवतो. काही वादक त्यावरच भिस्त ठेवतात. ही सवय कमी प्रतीची समजू नये. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी या जगप्रसिद्ध तालवादक बाईंची श्रवणशक्ती लहानपणापासून कमी होत गेली आणि बाराव्या वर्षापर्यंत त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येईनासे झाले. तरी त्या मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर वाजवत आल्या. अनेकदा त्या अनवाणी वाजवतात, म्हणजे जमिनीतून येणारे कंप तळपायांना कळतात. मात्र अंगाला खर्जातील जाड आवाज चांगले कळतात, ताशाची बारीक तडतड तितकी कळत नाही. म्हणून सर्वसाधारण वादकाने केवळ अंगावर विसंबून चालत नाही.

चौथी सवय बोलाने ऐकण्याची. ऐकलेला ठेका हा वादक आधी तोंडाने म्हणतो, मग हाताने वाजवतो. आपल्याकडे तबला आणि पखवाज शिकवण्याची हीच जुनी रीत आहे. गुरू आधी बोल पाठ करून घेतात, हातावर टाळी देत म्हणायला लावतात, आणि मगच वाद्याला हात लावू देतात. याला पढंत म्हणतात. यामागे शास्त्रही आहे. आपली तात्पुरती स्मरणशक्ती एका वेळी मोजक्याच वस्तू धरू शकते. सोळा सुटे ठोके ती धरू शकत नाही, परंतु चार बोलांचे चार गट सहज धरते. दूरध्वनीचा दहा आकडी क्रमांक आपण तुकडे पाडून पाठ करतो, तसेच हे. दुसरे म्हणजे बोल म्हणताना पुढचा बोल जिभेवर आधीच तयार असतो. पुढचे ऐकण्याची सवय त्यातूनच लागते.

यापैकी कोणतीही एक सवय पुरेशी नाही. पहिल्या दिवशी बघावे, मग बोल म्हणावेत, भाग किती वेळा आला ते मोजावे आणि लय अंगात मुरू द्यावी. उत्तम वादक गरजेप्रमाणे या चारही सवयी वापरतो.

हा स्वभाव नव्हे

हल्ली काही ठिकाणी मुलांना 'हा ऐकून शिकणारा, तो बघून शिकणारा' अशी लेबले लावण्याची पद्धत पडली आहे. याबाबत सावध राहावे. २००८ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे सर्व अभ्यास एकत्र तपासले. मुलाच्या आवडीच्या पद्धतीनेच शिकवले तर तो अधिक शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे ऐकण्याची पद्धत हा डोळ्यांच्या रंगासारखा जन्मजात गुण मानण्याचे कारण नाही. ती सवय आहे आणि सरावाने बदलता येते.

लयीची मूळ जाण तर जवळजवळ सर्वांनाच असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपलेल्या नवजात बालकांना ढोलकाचा ठेका ऐकवून त्यांच्या मेंदूतील विद्युत लहरी तपासल्या होत्या. ठेक्यातला मुख्य ठोका मुद्दाम गाळला की, काहीतरी राहिले, अशी नोंद त्या इवल्या मेंदूतही होत होती. ठेका खरोखरच न कळणारी माणसे असतात, पण विरळा. २०११ साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी अशा एका तरुणाची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे कान उत्तम होते, हातपाय उत्तम होते, घड्याळासारख्या साध्या ठोक्याबरोबर त्याला हालचाल करता येत होती, परंतु संगीताच्या ठेक्यावर अंग हलवता येत नव्हते. असा माणूस सापडला याचीच शास्त्रज्ञांना नवलाई वाटली, यावरून हे किती दुर्मीळ असेल याची कल्पना यावी.

त्यामुळे एखाद्या मुलाला पथकातून काढण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. त्याला बोल म्हणायला लावावेत. त्याची जागा बदलून पक्क्या वादकाच्या शेजारी उभे करावे. आणि त्याला नीट ऐकू येते ना, हे पाहावे. लहान मुलांत वारंवार होणाऱ्या सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साठते, काहींच्या कानात मळाचा दडा बसतो. दोन्हींमुळे ऐकू कमी येते आणि दोन्हींवर उपाय आहेत. वर्गातही असे मूल 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खात असते.

चार सोपे सराव

१) ढोल न बांधता दहा मिनिटे. गोलात उभे राहून पायाने जागच्या जागी चालावे, तोंडाने बोल म्हणावेत आणि टाळी द्यावी. पाय, तोंड आणि हात जुळले की मगच वाद्य घ्यावे. कानांनाही तेवढीच विश्रांती मिळते.

२) मुका आवर्तनाचा सराव. सर्वांनी मिळून आठ ठोके वाजवावेत, पुढचे आठ ठोके एकदम शांत राहावे, लय मनात चालू ठेवावी आणि नवव्या ठोक्याला पुन्हा एकत्र यावे. सुरुवातीला गोंधळ उडतो. आठ-दहा दिवसांत पथक एकदम एकत्र येऊ लागते. पुढचे ऐकण्याचा यापेक्षा चांगला अभ्यास नाही.

३) डोळे मिटून वाजवणे. पाच-सहा जणांच्या गटाने मंद आवाजात, डोळे मिटून एक हात वाजवावा. बघून वाजवणाऱ्यांची सवय यामुळे सुटते.

४) हळू आवाजाचा सराव. जेवढे जोरात वाजवावे तेवढे शेजाऱ्याचे कमी ऐकू येते. आठवड्यातून दोन दिवस तरी संपूर्ण सराव अर्ध्या जोराने करावा. चुका स्वच्छ ऐकू येतात आणि खांदे, मनगटे व कान तिन्ही वाचतात.

पुढे उभे राहणाऱ्याचे कान

आता नेतृत्वाकडे वळू. पथकात ताशा पुढे आणि ढोल त्याच्या मागे ही व्यवस्था उगीच पडलेली नाही. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार कंपांच्या टिपेच्या आवाजाला सर्वांत तिखट असतो. म्हणून शंभर ढोलांच्या घुमण्यातूनही ताशाची तडतड वेगळी ऐकू येते आणि बदलाची सूचना ताशावरून देता येते. उलट पाय पडतो तो ढोलाच्या खर्जावर. लय धरण्याच्या कामी मेंदू जाड आवाजावर अधिक विसंबतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. आपल्या वाडवडिलांनी प्रयोगशाळेशिवाय ही वाटणी बरोबर केली होती.

पुढाऱ्यापुढची खरी अडचण अंतराची असते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिरवणुकीत रांग ३४ मीटर लांब झाली तर पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोहोचायला ०.१ सेकंद लागतो. म्हणजे १२० च्या लयीत एक पंचमांश ठोका. शेवटचा वादक आपल्या कानाशी अगदी प्रामाणिक राहून वाजवतो आणि तरीही पुढच्यांना तो मागे पडलेला ऐकू येतो. मग पुढचे त्याच्यासाठी थांबू लागतात, तो पुन्हा त्यांच्यासाठी थांबतो आणि सगळी लय जड होत जाते. वाद्ये जवळजवळ असली की याच्या नेमके उलट घडते. एकत्र वाजवताना माणसे नकळत वेग वाढवत नेतात आणि पाच मिनिटांत लय धावू लागते. दोन्ही वेळा दोष कोणा एकाचा नसतो. म्हणून कोणावर डाफरण्यात अर्थ नसतो.

यावर उपाय पुढाऱ्याच्या ऐकण्यात आहे. त्याने स्वतःच्या वाद्याला सर्वांत कमी ऐकावे. सुरू केलेली लय मनात पक्की धरून ठेवावी आणि चालू वादन त्या मापाला लावून पाहावे. एक ठेका बसला की कान क्रमाने फिरवावा, आधी जवळची रांग, मग मधली, मग शेवटची. रांग लांब असेल तर पुढे उभे राहण्याऐवजी मध्यावर यावे, म्हणजे दोन्ही टोकांचे अंतर निम्मे होते. पक्के वादक सगळे पुढे न ठेवता रांगेत अधूनमधून पेरावेत. बदलाची सूचना आवाजाबरोबर हाताने किंवा ध्वजाने, सर्वांना दिसेल अशी, एक आवर्तन आधी द्यावी. प्रकाशाला अंतराची अडचण नाही. वेळेआधी दिलेली खूण डोळ्यांनी टिपायची आणि ठोका मात्र मनातल्या लयीवर टाकायचा, अशी ही विभागणी आहे.

पुढाऱ्याने ऐकायचे म्हणजे काय, याचा उत्तम नमुना आपल्या वारीत आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी सर्व दिंड्या जमतात. हजारो टाळ आणि मृदंग वाजत असतात. चोपदार हातातला दंड उंचावतात आणि तो सगळा नाद थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, तिचे म्हणणे ऐकतात. एवढ्या मोठ्या समुदायात कोण दुखावले आहे हे असे कानाने कळते. पथकप्रमुखानेही सरावात मधूनच सर्वांना थांबवावे, शांत राहावे आणि कोण चाचपडतो आहे, कोण दमला आहे ते ऐकावे. जो पुढारी सतत ओरडत असतो त्याला हे कधीच कळत नाही.

कानाची किंमत

हे सर्व ज्या कानावर चालते त्याचा आता विचार करू. आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेने घालून दिलेले माप जगभर वापरले जाते. त्यानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसता येतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. ढोल-ताशा पथकाच्या मध्यभागी आवाज शंभराच्या पुढे सहज जातो. दोन-दोन तासांचा सराव आणि विसर्जनाच्या दिवशीचे आठ-दहा तास यांचा हिशेब वाचकांनीच करावा.

अति आवाजाने आतल्या कानातील त्या सूक्ष्म पेशी थकतात. कान बधिर वाटतो, शिट्टी वाजते. विश्रांती मिळाली तर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी बरे वाटते. परंतु हेच पुन्हापुन्हा झाले की पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. औषधाने, इंजेक्शनाने वा शस्त्रक्रियेने आज तरी त्या परत आणता येत नाहीत.

हे बहिरेपण कपटी असते. ते टिपेच्या आवाजापासून, बहुधा चार हजार कंपांच्या आसपास सुरू होते. बोलण्यातील स, श, ख, थ, फ अशी बारीक वर्णे पुसट होऊ लागतात. "ऐकू येते, पण काय म्हणाले ते कळत नाही", ही या रुग्णांची ठरलेली तक्रार असते. घरचे म्हणतात, टीव्हीचा आवाज फार वाढवतो. वादकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ताशाची जी बारीक धार ऐकून तो पथक सांभाळत होता, तीच आधी जाते. उत्साहाने सर्वांत पुढे, ताशाला लागून उभा राहणारा वादक आपल्या नेतृत्वाचे भांडवलच खर्च करत असतो.

काय करावे

१) इअरप्लग वापरावेत. स्पंजचे साधे इअरप्लग औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. स्वच्छ हातांनी ते वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नीट बसवून १५ डेसिबल जरी कमी झाले तरी १०० चे ८५ होतात आणि १५ मिनिटांची मुदत आठ तासांवर जाते. कापसाच्या बोळ्याचा उपयोग नगण्य असतो.

२) प्लग घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस चमत्कारिक वाटते, ताल हुकेल अशी भीती वाटते. म्हणून ते सरावाच्या पहिल्या दिवसापासून घालावेत. कान सरावला की गोंगाटातले ठोके उलट अधिक सुटे ऐकू येतात. वादकांसाठी खास बनवलेले, जाड-बारीक आवाज सारखेच कमी करणारे प्लगही मिळतात. ताशावादकाने व पथकप्रमुखाने तेवढा खर्च जरूर करावा.

३) दर अर्ध्या-पाऊण तासाने जागा बदलावी. ताशाजवळचे मागे जावेत, मागचे पुढे यावेत. तासाला दहा मिनिटे पूर्ण शांतता ठेवावी. भिंतींनी वेढलेल्या आवारात किंवा पत्र्याखाली सराव करू नये, आवाज परतून दुप्पट त्रास देतो.

४) सराव करून घरी जाताना कानात गाण्यांचे हेडफोन घालू नयेत. दमलेल्या कानाला रात्रभर विश्रांती द्यावी.

५) मोसम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर श्रवण तपासणी करावी. ही तपासणी दुखत नाही, थोड्या वेळात होते. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी.

६) तान्ह्या मुलांना पथकाजवळ उभे करू नये. रुग्णालयासमोरून जाताना वादन बंद ठेवावे.

वाचकांच्या शंका

शंका : ढोल वाजवल्याने आरोग्याला काही फायदाही होतो का?

उत्तर : होतो. हात, खांदे, पाय यांना व्यायाम घडतो आणि चार माणसांत मन रमते. लंडनमधील एका अभ्यासात मानसिक त्रास असलेल्या व्यक्तींनी दहा आठवडे गटाने ढोलवादन केले असता त्यांची उदासी व चिंता कमी झाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. कंपवाताच्या रुग्णांना एकसारख्या ठेक्यावर चालवले तर पावले अधिक लांब व मोकळी पडतात, हेही १९९६ पासून अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र हे फायदे मध्यम आवाजातही मिळतात. त्यासाठी कान फोडण्याची गरज नाही आणि चालू औषधे बंद करण्याचीही नाही.

शंका : माझे वय पन्नास आहे. आता ढोल किंवा मृदंग शिकता येईल का?

उत्तर : अवश्य. लय शिकण्याला वयाची अट नाही, फक्त थोडा अधिक वेळ द्यावा. बोल म्हणण्यापासून सुरुवात करा. पाठ, मान किंवा हृदयाचा विकार असेल तर जड ढोल बांधण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. बसून वाजवण्याचे वाद्य निवडले तरी चालेल.

शंका : वादनानंतर कानात शिट्टी वाजते, दोन दिवसांनी थांबते. धोका आहे का?

उत्तर : आहे. ती कानाने दिलेली सूचना आहे. आवाजापासून दूर राहावे आणि पुढील सराव प्लगशिवाय करू नये. शिट्टी दोन-तीन दिवसांत थांबली नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतच उपचाराचा उपयोग होतो, नंतर वेळ निघून जाते. कानात तेल घालून वाट पाहू नये.

यंदा आपल्या गल्लीतील पथकाचा सराव सुरू होईल तेव्हा प्रमुखाने पहिल्याच दिवशी दोन गोष्टींची सोय करावी, प्रत्येकासाठी इअरप्लगची एक जोडी आणि नवख्यांसाठी बोल म्हणण्याची दहा मिनिटे. एवढे केले तर झेंडा धरायला लावलेल्या बऱ्याच मुलांच्या हाती पुन्हा टिपरू येईल आणि आईने विचारलेला प्रश्न त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू येईल.